सापळा, चिठ्ठी आणि पुरावा : घरगुती साहित्यातून कीटकांचा संग्रह

इतिहास शिकविणाऱ्याने कीटकांवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु इतिहास आणि कीटक-संग्रह या दोहोंचा पाया एकच आहे आणि तो म्हणजे पुरावा. शेतात सापडलेले जुने नाणे कोठे, कोणत्या थरात आणि कोणाला सापडले हे ठाऊक नसेल, तर त्या नाण्याची निम्मी किंमत तेथेच संपते. भुंगेऱ्याचेही तसेच आहे. तो कोणत्या गावी, कोणत्या तारखेला, कोणत्या रीतीने हाती आला हे लिहून ठेवले नाही, तर डबीत उरतो तो एक मेलेला किडा. प्रस्तुत लेखात आम्ही घरच्या साहित्यातून करता येणारे चार सापळे सांगणार आहोत. त्यांसोबत प्रत्येक सापळ्याची साक्ष कितपत ग्राह्य धरावी, हेही सांगणार आहोत. कारण सापळा मांडणे हे अर्धेच काम असते.

आपल्या वसतिगृहातील बहुतेक मुले शेतकरी व शेतमजूर कुटुंबांतून येतात. विकतची जाळी, सूक्ष्मदर्शक, परदेशी पिना हे साहित्य त्यांच्याजवळ नसते. मात्र कीटक जेथे राहतात तेथेच ही मुलेही राहतात. बांध, उकिरडा, गोठा, बाभळीची रांग, ओढ्याकाठचा पालापाचोळा, ही सारी प्रयोगशाळा त्यांच्या दारात आहे. शहरातील अभ्यासकाला जे पाहण्यासाठी प्रवास करावा लागतो, ते या मुलांना सुट्टीत घरी गेल्यावर चार पावलांवर मिळते. तेव्हा उणीव असलीच तर ती पद्धतीची आहे, आणि पद्धत शिकता येते.

१. खड्ड्याचा सापळा

जमिनीवरून चालणाऱ्या कीटकांसाठी हा सर्वांत सोपा सापळा होय. १९३१ साली हर्बर्ट बार्बर या अमेरिकी कीटकशास्त्रज्ञाने गुहांतील कीटक पकडण्यासाठी अशा सापळ्याचे वर्णन प्रसिद्ध केले; आजही अभ्यासक तो वापरतात.

प्लास्टिकचे सारख्या मापाचे दोन पेले घ्यावेत आणि एकात एक बसवावेत. दोन्हींच्या तळाला सुईने बारीक छिद्रे पाडावीत, म्हणजे पावसाचे पाणी साचणार नाही. जमिनीत पेल्याच्या मापाचा खड्डा करून ही जोडी त्यात बसवावी आणि भोवतीची माती दाबून पेल्याचा काठ जमिनीच्या पातळीत आणावा. काठ जराही वर राहिला तर मुंगीसुद्धा वळसा घालून निघून जाते. आतला पेला उचलला तरी बाहेरचा जागीच राहतो आणि माती ढासळत नाही, हा दोन पेल्यांचा लाभ. आत सुकी पाने टाकावीत, म्हणजे पडलेल्या जिवांना आडोसा मिळेल. वर कौलाचा तुकडा किंवा फरशी चार खड्यांवर अशी ठेवावी की खालून दोन बोटे उंचीची फट राहील.

सायंकाळी मांडलेला सापळा सकाळी ऊन चढण्यापूर्वी पाहावा. त्यात मुंग्या, रातकिडे, जमिनीवरचे काळे भुंगेरे सापडतात. कोळी आणि गोमही सापडतात. ते कीटक नव्हेत, हे मुलांनी पाय मोजून स्वतःच ठरवावे. कीटकाला सहा पाय असतात, कोळ्याला आठ. एक सूचना मात्र कटाक्षाने पाळावी. पेल्यात हात घालू नये. आत विंचू असू शकतो, म्हणून पेला पांढऱ्या ताटात उपडा करूनच पाहावा.

आता या सापळ्याची साक्ष तपासू. पेल्यात चाळीस मुंग्या आणि एक भुंगेरा सापडला, म्हणजे त्या जागी मुंग्या भुंगेऱ्यांच्या चाळीस पट आहेत काय? असे म्हणता येत नाही. जो जीव अधिक फिरतो तो खड्ड्यात अधिक पडतो. जो एका जागी बसून राहतो तो पडतच नाही. जुन्या दप्तरांत ज्यांचे नाव वारंवार येते तेच तेवढे त्या काळी होते, असे इतिहासाचा विद्यार्थी मानत नाही. दप्तर कोणी लिहिले आणि त्यात कोणाला जागा होती, हे तो आधी विचारतो. सापळ्यालाही हाच प्रश्न विचारावा. जो त्यात पडला नाही तो तेथे नव्हताच, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये.

२. दिव्याचा सापळा

रात्री उडणाऱ्या कीटकांसाठी एक जुने पांढरे धोतर किंवा चादर दोरीवर ताणून बांधावी. तिचा खालचा भाग जमिनीवर पसरावा आणि कापडासमोर दिवा लावावा. पिवळसर एलईडी दिव्याकडे कीटक कमी येतात. निळसर पांढऱ्या प्रकाशाकडे अधिक येतात. विजेची जोडणी थोरांनी करावी आणि पावसाची चिन्हे असतील तर बॅटरीवरचा दिवाच वापरावा. मुलांच्या पायात बूट असावेत. अंगावर बसलेला किडा चिरडू नये, फुंकर मारून उडवावा. पावसाळ्यात दिव्यावर येणाऱ्या काही लहान भुंगेऱ्यांच्या अंगातील द्रवाने कातडीवर फोड येतात.

कीटक दिव्याकडे का येतात, याविषयी बराच काळ असे सांगितले जाई की ते दिव्याला चंद्र समजून फसतात. जानेवारी २०२४ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्यांनी कीटकांचे उड्डाण टिपले. उडताना कीटक आपली पाठ प्रकाशाकडे वळवतात, असे त्यांना दिसून आले. मोकळ्या रात्री उजेड आकाशाकडून येतो, त्यामुळे या सवयीने कीटकाला वर कोणते आणि खाली कोणते हे कळते. दिवा मात्र बाजूला किंवा खाली असतो. त्याच्याकडे पाठ करण्याच्या प्रयत्नात कीटक कलतो, वळतो आणि दिव्याभोवतीच घिरट्या घालत राहतो. बराच काळ चालत आलेली समजूत निरीक्षणाने तपासता येते, याचे हे ताजे उदाहरण मुलांना अवश्य सांगावे.

दिव्याच्या सापळ्याचे एक जुने उदाहरणही येथे देण्याजोगे आहे. आल्फ्रेड रसेल वॉलेस हा इंग्रज निसर्गसंशोधक गरिबीमुळे चौदाव्या वर्षी शाळेबाहेर पडला आणि पुढे नमुने गोळा करून विकण्यावर त्याने आपला चरितार्थ चालविला. बोर्निओ बेटावरील सारवाक येथे एका डोंगरावरच्या बंगल्याच्या ओसरीत दिवा ठेवून त्याने २६ रात्रींत १,३८६ पतंग गोळा केले. मात्र वॉलेस केवळ बेरीज सांगून थांबला नाही. प्रत्येक रात्रीचे आकडे त्याने वेगळे लिहिले होते; म्हणूनच ८०० हून अधिक पतंग केवळ चार अतिशय ओल्या आणि काळोख्या रात्रींत मिळाले, हे त्याला सांगता आले. चांदण्या रात्री सापळा रिकामा राहिला, तर त्या रात्रीचे शून्यही वहीत लिहावे. रिकामी रात्र ही सुद्धा नोंदच आहे.

आपल्याकडे या सापळ्याचा खरा हंगाम वळवाच्या आणि मृगाच्या पहिल्या पावसानंतर येतो. त्या वेळी हुमणीचे तपकिरी भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात आणि संध्याकाळी कडुनिंब व बाभळीवर जमतात. पुढे मादी जमिनीत अंडी घालते आणि अंड्यांतून निघालेल्या अळ्या ऊस, भुईमूग आदी पिकांची मुळे खातात. अंडी घातली जाण्यापूर्वीच भुंगेरे गोळा करावेत, असे कृषी खात्याचे लोक सांगतात ते याचसाठी. ज्या मुलाने पहिल्या पावसापासून रोज रात्री एक तास भुंगेरे मोजले, त्याची वही त्याच्या वडिलांना या कामाचे दिवस नेमके सांगू शकते.

३. पालापाचोळ्याचे नरसाळे

कुजलेल्या पानांत डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव राहतात. ते हाताने वेचता येत नाहीत. १९०५ साली अंतोनियो बेर्लेसे या इटालियन कीटकशास्त्रज्ञाने त्यांच्यासाठी नरसाळ्याची युक्ती काढली. त्याच्या यंत्रात गरम पाण्याची ऊब होती. पुढे १९१८ मध्ये स्वीडनच्या टुल्ग्रेन याने तेथे विजेचा दिवा आणला. दोहोंमागील तत्त्व एकच. वरून ऊब आणि उजेड मिळाला की पाने सुकू लागतात, आणि ओलावा व अंधार शोधणारे जीव खाली खाली सरकतात.

दोन लिटरची प्लास्टिकची बाटली वरच्या तिसऱ्या हिश्श्यावर कापावी. वरचा भाग उलटा करून खालच्या भागात नरसाळ्यासारखा बसवावा. तोंडाशी कांद्याच्या पिशवीच्या जाळीचा तुकडा ठेवावा आणि त्यावर तीन बोटे जाडीचा ओलसर पाला पसरावा. खालच्या भागाला बाहेरून काळा कागद गुंडाळावा आणि तळाशी ओला टिपकागद ठेवावा. वरून वीतभर अंतरावर जुन्या पद्धतीचा २५ वॅटचा तारेचा दिवा लावावा. एलईडी दिव्याला पुरेशी ऊब नसते. सुका पाला पेट घेऊ शकतो, म्हणून दिवा अधिक जवळ आणू नये आणि रात्री चालू ठेवून झोपू नये. वीज नसेल तर नरसाळे उन्हात ठेवले तरी काम होते, फक्त दिवस थोडे अधिक लागतात. दोन-तीन दिवसांनी तळाचा कागद भिंगाखाली धरावा. शेपटीच्या चापाने टुणकन उडणारे, पंख नसलेले इवले जीव हमखास दिसतील. रासायनिक फवारा पडलेल्या बांधावरचा पाला आणि न फवारलेल्या बांधावरचा पाला सारख्या वजनाचा घेऊन दोन नरसाळी शेजारी ठेवली, तर मातीत काय घडते आहे याचा धडा वेगळा शिकवावा लागत नाही.

४. पिवळी थाळी

उथळ थाळीला आतून गडद पिवळा रंग द्यावा, तीत पाणी घालावे आणि भांडी घासण्याच्या साबणाचे दोन थेंब मिसळावेत. थाळी गवतात, फुलांच्या उंचीजवळ ठेवावी. पिवळ्या रंगाकडे मावा, पांढरी माशी, लहान माश्या आणि बारीक गांधीलमाश्या ओढल्या जातात. जर्मन शास्त्रज्ञ मोरिके याने १९५१ साली माव्याच्या अभ्यासासाठी अशी थाळी वापरली. शेतकऱ्यांना परिचित असलेले पिवळे चिकट सापळे याच तत्त्वावर चालतात. साबणामुळे पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण मोडतो आणि एरवी पाण्यावर सहज उभा राहणारा हलका कीटक बुडतो.

म्हणजे हा सापळा मारणारा आहे. पहिल्या तिहींतून कीटक जिवंत सोडता येतो, याच्यातून येत नाही. आपल्या शाळेत हा प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही.

शील आणि संग्रह

प्राणिहिंसेपासून विरत राहण्याचे शील आपण रोज ग्रहण करतो. मग कीटक मारून पेटीत टोचावेत काय, असे मुले विचारतात, आणि त्यांनी विचारलेच पाहिजे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेचे विवेचन करताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. हा भेद आम्हांस येथे मार्गदर्शक वाटतो. भिक्खूंच्या वर्षावासामागेही, पावसाळ्यात फिरताना पिके आणि बारीक जीव पायांखाली तुडविले जातात ही लोकांची तक्रार होती, असे विनयपिटक सांगते. पायाखालच्या किड्याचा विचार आपल्या परंपरेला नवा नाही.

त्यावरून आम्ही मुलांसाठी काही नियम ठरविले आहेत. जे पाहून, मोजून, चित्र काढून किंवा छायाचित्र घेऊन ओळखता येते ते सोडून द्यावे. जे ओळखण्यासाठी भिंगाखाली ठेवणे भागच आहे, त्याचे एक-दोनच नमुने ठेवावेत. पिवळी थाळी एका दिवसात काही तासांहून अधिक ठेवू नये आणि मधमाश्यांची वर्दळ असेल तेथे तर मांडूच नये. फुलपाखरे पकडू नयेत. त्यांतील अनेक जातींना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे. अभयारण्यात कोणताही सापळा लावू नये. आणि चिठ्ठी लिहिण्याची तयारी नसेल तर एकही कीटक मारू नये; चिठ्ठीवाचून तो जीव व्यर्थ जातो.

चिठ्ठी

चिठ्ठीचे मोल सांगण्यासाठी चार्ल्स डार्विनच्या प्रवासातील एक प्रसंग पुरेसा आहे. १८३५ साली गालापागोस बेटांवर त्याने फिंच नावाचे लहान पक्षी गोळा केले. पण कोणता पक्षी कोणत्या बेटावरचा, हे बहुतेकांच्या बाबतीत त्याने लिहिले नाही. मायदेशी परतल्यावर पक्षितज्ज्ञ जॉन गूल्ड याने ते पक्षी वेगवेगळ्या जातींचे असल्याचे सांगितले, तेव्हा बेटाचे नाव ही कळीची बाब ठरली. अखेर डार्विनला इतरांच्या संग्रहांचा आधार घ्यावा लागला. त्यांत जहाजाच्या कप्तानाचा संग्रह होता, तसाच डार्विनचा नोकर सिम्स कव्हिंग्टन याचाही होता. विद्वानाच्या नोंदीत जे नव्हते ते नोकराच्या संग्रहातून मिळाले.

म्हणून प्रत्येक नमुन्यासोबत पाच ओळींची चिठ्ठी असावी. पहिल्या ओळीत गाव, तालुका, जिल्हा आणि नेमकी जागा, उदाहरणार्थ ‘विहिरीजवळील बांध’. दुसरीत तारीख, वर्ष आणि वेळ. तिसरीत सापळ्याचा प्रकार आणि हवामान. चौथीत गोळा करणाऱ्याचे पूर्ण नाव. पाचवीत त्या किड्याला घरात किंवा शिवारात जे नाव आहे ते, आणि ते कोणी सांगितले तेही.

शेवटच्या दोन ओळींविषयी आम्ही आग्रही आहोत. जगातील मोठमोठ्या संग्रहालयांत आपल्या देशातून गेलेले असंख्य नमुने आहेत. त्यांवर साहेबाचे नाव असते; रान तुडवून ते आणणाऱ्याचे नाव क्वचितच असते. वॉलेससोबत अली नावाचा एक मलय तरुण वर्षानुवर्षे हिंडला आणि त्याने असंख्य पक्षी मिळविले, सोलले, टिकविले. वॉलेसने आत्मचरित्रात त्याचे छायाचित्र छापून त्याला आपला विश्वासू सोबती म्हटले, म्हणून अली आपल्याला ठाऊक आहे. ज्यांच्याविषयी कोणी लिहिले नाही ते कायमचे निनावी राहिले. निंदणी करणाऱ्या आपल्या आयाबहिणींना कोणता किडा कोणत्या पिकावर केव्हा येतो, हे हाताच्या बोटांप्रमाणे माहीत असते. त्या माहितीला पुस्तकात जागा मिळालेली नाही. पाचवी ओळ ती जागा देते.

जतन आणि मोजणी

ठेवायचाच असेल तो नमुना बंद डबीत घालून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात एक-दोन दिवस ठेवावा. विषारी रसायने मुलांच्या हाती देऊ नयेत. भुंगेऱ्याला पीन उजव्या पंखकवचातून टोचतात, पतंगाला छातीच्या मधोमध. साधी टाचणी गंजते, म्हणून न गंजणारी पीन घ्यावी. अगदी लहान कीटक कागदाच्या त्रिकोणी तुकड्याच्या टोकावर डिंकाने चिकटवावेत. मऊ अंगाचे जीव स्पिरिटमध्ये ठेवावेत आणि त्यांची चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाकावी. पेनाची शाई स्पिरिटमध्ये विरघळते. मिठाईच्या खोक्यात थर्मोकोल बसवून पेटी तयार होते. कोपऱ्यात डांबरगोळी ठेवावी, नाहीतर संग्रहालाच कीड लागते.

पेटीपेक्षाही मोजणीची वही अधिक टिकाऊ आणि अधिक उपयोगी ठरते. कापूस पिकविणाऱ्या पालकांना कामगंध सापळे परिचित आहेत. त्यांत गुलाबी बोंडअळीच्या मादीसारखा गंध असतो आणि नर पतंग अडकतात. एका सापळ्यात दररोज सरासरी आठ पतंग, असे सलग तीन दिवस दिसले तर उपाययोजनेची वेळ आली, असे समजले जाते. सापळा शेतात टांगला आणि पतंग मोजलेच नाहीत, तर त्याचा काय उपयोग? मोजणारा माणूस घरात असेल तर फवारणीचा निर्णय दुकानदाराच्या सांगण्यावर न राहता वहीतील आकड्यांवर होतो. हे काम सातवीतील मुलगी उत्तम करू शकते.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आमची एवढीच विनंती आहे. येत्या मृगात पहिला पाऊस पडला की घराच्या अंगणात पांढरे कापड बांधून सलग पंधरा रात्री एक तास दिवा लावावा. मुलाला अथवा मुलीला मोजू द्यावे आणि रिकाम्या रात्रींसकट सारे आकडे लिहून घ्यावेत. वहीच्या प्रत्येक पानावर गावाचे नाव, तारीख आणि मोजणाऱ्याचे पूर्ण नाव असावे. शाळा उघडल्यावर त्या वह्या आमच्याकडे पाठवाव्यात. वेगवेगळ्या गावांच्या वह्या शेजारी ठेवल्या की कोणत्या शिवारात हुमणी केव्हा निघाली हे एका तक्त्यावर मांडता येईल, आणि तो तक्ता मोजणाऱ्या सर्व मुलांच्या नावांसह आपल्या विज्ञानवर्गाच्या भिंतीवर लावता येईल.